लेडनहॉल स्ट्रीट : कंपनीची कचेरी आणि साताऱ्याचा वकील

१८०३ च्या डिसेंबरात लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्य कचेरीसमोर खोदकाम चालू होते. साधारण साडेनऊ फूट खोलीवर मजुरांना रंगीत दगडी तुकड्यांची फरशी लागली. माती साफ केल्यावर चित्र दिसू लागले. वाघाच्या पाठीवर रेललेला, हातात पेला धरलेला मद्यदेव बॅकस. रोमन लोकांच्या लंडनमधल्या कुणा श्रीमंताच्या घरातली ही जमीन होती. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पाचच वर्षांनी, १८०८ मध्ये, त्याच कचेरीत दुसरा वाघ लोकांना पाहण्यासाठी मांडला गेला. हा श्रीरंगपट्टणच्या लुटीतला, टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. खाली पाडलेल्या गोऱ्या माणसाच्या नरड्यावर तो बसलेला आहे. बाजूचा दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि माणूस कण्हतो. कंपनीच्या ग्रंथालयात अभ्यासाला बसणारे लोक या आवाजाने त्रासून तक्रारी करत.

जमिनीखाली एका साम्राज्याचा वाघ आणि जमिनीवर दुसऱ्याने लुटून आणलेला. हा रस्ता जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीचा आहे. पश्चिमेला कॉर्नहिल, पूर्वेला ऑल्डगेटचा जुना पंप, आणि मधल्या पट्ट्यात लंडनच्या दोन हजार वर्षांच्या खुणा. मराठी माणसाला मात्र हा रस्ता आणखी एका कारणाने ठाऊक हवा. साताऱ्याच्या छत्रपतींचा खटला वर्षानुवर्षे याच रस्त्यावर लढला गेला आणि हरला गेला.

या रस्त्याला महत्त्व आले ते जागेमुळे. रोमनांनी लंडन वसवले तेव्हा गावाचा चौक आणि न्यायसभेची भव्य इमारत त्यांनी इथेच उभारली. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला एवढी मोठी न्यायसभा दुसरी नव्हती. तिचे अवशेष आजच्या लेडनहॉल मार्केटखाली आणि आसपासच्या तळघरांत आहेत. रोमन गेले, न्यायसभा मोडली, पण पूर्वेच्या वेशीकडे जाणारी वाट कायम राहिली. चौदाव्या शतकात तिच्या कडेला शिशाच्या छपराचा एक मोठा वाडा होता, म्हणून लेडनहॉल. पंधराव्या शतकाच्या आरंभी तो लंडन शहराच्या ताब्यात आला. शतकाच्या मध्याला सायमन आयर या व्यापाऱ्याने तिथे धान्याचे कोठार आणि बाजार बांधवला. मांस, कोंबड्या, कातडी, लोकर यांचा व्यवहार तिथे पिढ्यानपिढ्या चालला. आजची लोखंडी कमानींची आणि काचेच्या छताची देखणी मंडई होरेस जोन्स या वास्तुविशारदाने १८८१ मध्ये पूर्ण केली. बाजार मात्र तिच्यापेक्षा चारशे वर्षांनी जुना आहे.

मंडईपासून जवळच, सेंट मेरी ॲक्स या गल्लीच्या तोंडाशी, सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट हे चर्च आहे. आजची वास्तू १५३२ ची. ‘अंडरशाफ्ट’ म्हणजे खांबाखालचे. वसंतोत्सवात चर्चसमोर उभारला जाणारा खांब शिखरापेक्षाही उंच असे. १५१७ च्या मे महिन्यात लंडनमध्ये परदेशी कारागिरांविरुद्ध दंगल झाली आणि त्या वर्षापासून खांब उभारणे थांबले. रस्त्यालगतच्या घरांच्या वळचणीखाली आकड्यांवर तो ३२ वर्षे टांगून ठेवलेला होता. मग १५४९ मध्ये शेजारच्या सेंट कॅथरीन क्री चर्चच्या पाद्र्याने प्रवचनात या खांबाला मूर्तिपूजा ठरवले. ज्या घरांवर तो टांगला होता त्या घरच्यांनीच तो खाली उतरवला, आपल्या दारावरचा तुकडा ज्याने त्याने कापून घेतला आणि सगळे जाळून टाकले.

हे आपल्याला ठाऊक आहे ते जॉन स्टो या माणसामुळे. तो पेशाने शिंपी. त्याने ते प्रवचन स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पुढे लंडनच्या गल्ल्या पायी हिंडून, जुनी दप्तरे चाळून, म्हाताऱ्यांना विचारून त्याने शहराचे वर्णन लिहिले. ते १५९८ मध्ये छापले गेले, आणि जुन्या लंडनबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही त्याच्याकडे जावे लागते. स्टो १६०५ मध्ये वारला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला. तिथल्या त्याच्या पुतळ्याच्या हातात खरे पिसाचे बोरू असते आणि दर तीन वर्षांनी समारंभाने ते बदलतात. एका शिंप्याच्या लेखणीचा एवढा मान राखणाऱ्या शहराबद्दल मला आदर वाटतो.

सेंट कॅथरीन क्रीचा मनोरा १५०४ चा, बाकीची वास्तू १६३१ साली पवित्र केलेली. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या आधीच्या दशकात लंडनमध्ये फारच थोडी चर्चे उभी राहिली, त्यांतले हे एक. इथे दरवर्षी ऑक्टोबरात ‘सिंहाचे प्रवचन’ होते. सर जॉन गेयर या व्यापाऱ्याची प्रवासात वाळवंटात सिंहाशी गाठ पडली, पण सिंहाने त्याला काही केले नाही. त्या कृतज्ञतेपोटी त्याने या प्रवचनासाठी पैसे ठेवले. हा गेयर ईस्ट इंडिया कंपनीतलाही मोठा माणूस होता आणि पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झाला. त्याच्याच घराण्यातला आणि त्याच्याच नावाचा दुसरा जॉन गेयर १६९४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळाले. सेंट पॉलचे कॅथीड्रल गेले, बहुतेक शहर गेले. पण आगीची पूर्वेकडची धाव लेडनहॉलपाशी अडली. दोन्ही चर्चे वाचली, आणि त्यांच्याबरोबर कंपनीची कचेरीही.

कंपनीला सनद मिळाली ती १६०० च्या शेवटच्या दिवशी. सुरुवातीला तिचा कारभार तिच्या गव्हर्नराच्या राहत्या घरातून चाले. १६३८ मध्ये ती लेडनहॉल स्ट्रीटवर आली आणि दहा वर्षांनी त्याच रस्त्यावरच्या क्रेव्हन हाउसमध्ये स्थिरावली. लाकडी दर्शनी भागावर गलबतांची चित्रे होती. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई बेट कंपनीला दिले, तेव्हा मुंबईची मालकी या लाकडी घराकडे आली. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी मुंबईहून आलेला हेन्री ऑक्झेंडन याच घराचा नोकर.

पुढे व्यापार फुगला तशी कचेरी फुगली. १७२६ ते १७२९ मध्ये ती नव्याने बांधली गेली. पलाशीनंतर व्यापाराला राज्याची जोड मिळाली, कागद वाढले, कारकून वाढले, आणि १७९० च्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा वाढवली गेली. आता रस्त्याला सुमारे दोनशे फूट लांबीचा दगडी दर्शनी भाग झाला. सहा खांबांचा मंडप आणि त्यावर पूर्वेच्या व्यापाराला अभय देणाऱ्या राजा तिसऱ्या जॉर्जचे शिल्प. आत डायरेक्टरांच्या सभागृहात संगमरवरी चौकट होती, महसुली समितीच्या दालनाच्या छतावर १७७८ मध्ये स्पिरिडिओने रोमाने काढलेले चित्र. त्यात उंच आसनावर बसलेल्या ब्रिटानियाला भारत, चीन वगैरे देश आपली संपत्ती अर्पण करत आहेत. ती दौलत कशी आली हे या चित्रात कुठेच नाही.

कारकुनांत मोठमोठी नावे होती. निबंधकार चार्ल्स लॅम १७९२ ते १८२५ अशी तेहेतीस वर्षे इथे जमाखर्च लिहीत होता. जेम्स मिल इथे होता आणि त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल १८२३ मध्ये इथे लागला तो १८५८ पर्यंत राहिला. हिंदुस्थानातल्या संस्थानांशी चालणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे कित्येक वर्षे याच मिलच्या हातचे. व्यक्तिस्वातंत्र्यावरचा त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ त्याने नोकरी सोडल्यावर दुसऱ्याच वर्षी आला.

या दाराशी पहिला मराठी वकील आला तो १७८१ मध्ये. रघुनाथरावाने आपली बाजू मांडायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्यासोबत एक पारशी बाप-लेक लंडनला पाठवले. हणमंतरावाची सोय नीट होत नव्हती, त्याला आपल्या आचाराप्रमाणे स्वयंपाक करता येत नव्हता. एडमंड बर्कने त्याला आपल्या गावच्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्याच्या स्वयंपाकाला मोकळे करून दिले. रघुनाथरावाच्या पदरात मात्र या खेपेने काही पडले नाही.

सातारची गोष्ट वेगळी आणि जास्त जिव्हारी लागणारी आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८१९ च्या सप्टेंबरात त्यांच्याशी तह केला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तेव्हा साताऱ्यात रेसिडेंट होता. प्रतापसिंह हुशार आणि कष्टाळू राजा होते. रस्ते, पाणीपुरवठा, शाळा, छापखाना यांत त्यांनी लक्ष घातले. लेडनहॉल स्ट्रीटवरचे डायरेक्टर खूश होते. १८३५ मध्ये त्यांनी गौरवाचे पत्र आणि रत्नजडित तलवार महाराजांसाठी रवाना केली.

ती तलवार महाराजांच्या हातात पोचलीच नाही. मुंबई सरकारने ती अडवून ठेवली. मांडलिक जहागिरदारांवर हक्क कुणाचा, या प्रश्नावर मुंबई सरकार आणि महाराज यांच्यात बिनसले होते. महाराज तहाचे कलम दाखवत, सरकार दुसराच अर्थ लावत होते. लंडनची मते महाराजांपर्यंत पोचू द्यायची की नाही, हे मुंबईच ठरवत होती. पत्राला समुद्रातून यायला महिनेच्या महिने लागत, आणि त्या महिन्यांत मुंबईचे अधिकारी आपल्या मनासारखे करून मोकळे होत. मग आरोप आले. कंपनीचे शिपाई फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान बांधले. १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. हा पूर्वी डायरेक्टर मंडळाचा अध्यक्ष राहिलेला माणूस. अपराध कबूल करून सही करा, गादी राहील, असे त्याने सांगितले. न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरात त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवण्यात आले आणि धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवले.

उघड चौकशी नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही, बचावाची संधी नाही. म्हणून महाराजांनी दाद मागितली ती थेट लंडनला. त्यांच्या वतीने गेलेल्या मंडळींत रंगो बापूजी गुप्ते होते. बाकीचे पुढे परतले, रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे राहिले.

त्यांनी हेरलेला रस्ता समजून घेण्यासारखा आहे. कंपनीचा कारभार २४ डायरेक्टर पाहत, पण त्यांच्यावर भागधारकांची सभा होती. ती ईस्ट इंडिया हाउसमध्येच भरे आणि हजार पौंडांचे भाग असलेल्याला तिथे मत देता येई. पार्लमेंटात कुणी ऐकले नाही तरी या सभेत प्रश्न उठवता येत होता, वृत्तपत्रांत छापून येत होते. रंगो बापूजींनी इंग्रज मित्र जोडले. जोसेफ ह्यूम, मुंबईत व्यापार केलेले सर चार्ल्स फोर्ब्ज, गुलामगिरीविरोधी चळवळीतला फर्डा वक्ता जॉर्ज थॉम्प्सन. १८४० पासून ‘सातारच्या राजाचा प्रश्न’ सभेपुढे पुन्हा पुन्हा आला. थॉम्प्सन तासन्‌तास बोलला. कागद उघड करा, चौकशी करा, एवढीच मागणी होती. दर वेळी ती बहुमताने पडली.

रंगो बापूजी थांबले नाहीत. अर्ज, निवेदने, छापील पत्रके काढत राहिले. पैसा संपला, कर्ज झाले. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शहाजी महाराजही गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि सातारचे राज्य खालसा झाले. डायरेक्टरांनी त्यावर पसंतीची मोहोर उठवली. या निकालाचे मोल फार मोठे ठरले. सातारचा दाखला हाताशी आल्यावर नागपूर आणि झाशी खालसा करताना डलहौसीला अडवणारे कुणी उरले नाही. १८५७ च्या असंतोषाची एक जाड मुळी लेडनहॉल स्ट्रीटवरच्या त्या मतदानापर्यंत जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. भागधारकांनी १८४० मध्ये साधी चौकशी मान्य केली असती, तर न्याय मागण्याचा सनदशीर मार्ग उघडा आहे एवढा तरी भरवसा संस्थानिकांना वाटला असता.

रंगो बापूजी हात हलवत मायदेशी आले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केल्याबद्दल त्यांच्यावर वॉरंट निघाले, पण ते निसटले आणि पुन्हा कधीच सरकारच्या हाती लागले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम सापडला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडा माळावर १७ जणांना देहदंड झाला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. फाशी गेलेल्यांत सीताराम होता. चौदा वर्षे अर्ज लिहिणाऱ्या बापाच्या घरी कंपनी सरकारने दिलेले उत्तर ते हेच.

त्यानंतर कंपनीही फार टिकली नाही. १८५८ मध्ये पार्लमेंटने राज्यकारभार तिच्याकडून काढून राणीकडे दिला. कंपनीच्या बचावाचा अर्ज जॉन स्टुअर्ट मिलने लिहिला होता, तो फेटाळला गेला. आता एवढ्या मोठ्या वास्तूला काम उरले नाही. १८६१ मध्ये ती विकली गेली आणि लवकरच पाडली गेली. छतावरचे चित्र आणि संगमरवरी चौकट व्हाइटहॉलच्या सरकारी इमारतीत गेली. टिपूचा वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, फडताळे ओळीने मांडली तर सुमारे १४ किलोमीटर भरतील एवढे.

जागा रिकामी राहिली नाही. विम्याच्या धंद्यातली जगप्रसिद्ध लॉइड्स ही संस्था १९२८ मध्ये या जागी आली. १९८६ मध्ये रिचर्ड रॉजर्सने तिच्यासाठी नवी इमारत बांधली. पाण्याचे नळ, जिने, लिफ्ट सगळे बाहेरच्या अंगाला काढलेली ही पोलादी वास्तू. १९२० च्या दशकातल्या जुन्या इमारतीची दगडी कमान रस्त्याच्या बाजूला तशीच ठेवली आहे. २०११ मध्ये लॉइड्सच्या इमारतीला संरक्षित वास्तूंचा सर्वोच्च दर्जा मिळाला. समोरच १२२ क्रमांकावर पी अँड ओ या आगबोट कंपनीची कचेरी शतकाहून अधिक काळ होती. मुंबईच्या किती तरी उतारूंची तिकिटे तिच्या नावाची. तिथे आता २२५ मीटर उंचीचा तिरपा मनोरा उभा आहे. त्याला तिरपे व्हावे लागले ते सेंट पॉलच्या घुमटासाठी. फ्लीट स्ट्रीटवरून घुमटाचे जे दर्शन होते त्याच्या आड मनोऱ्याने येऊ नये, असा शहराचा नियम.

इतक्या जपणुकीतही नुकसान झालेच. १९४० च्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या सेंट अँड्र्यू अंडरशाफ्टची सतराव्या शतकातली रंगीत काचेची खिडकी १९९२ मध्ये आयरिश दहशतवाद्यांच्या बॉम्बस्फोटात फुटली. चर्च मात्र उभे आहे, स्टोच्या हातात बोरू आहे, सिंहाचे प्रवचन होते, मंडईत गर्दी असते. आसपासच्या लोकांना ज्या वास्तू आपल्या वाटल्या, त्या त्यांनी राखल्या. कंपनीची कचेरी भागधारकांची होती, आणि नफा आटल्यावर तिच्यासाठी कुणी पुढे आले नाही.

साताऱ्यात रंगो बापूजींची आठवण आहे. त्यांच्यावर आणि प्रतापसिंह महाराजांवर प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आहे. लंडनला जाणाऱ्याने तो वाचून जावे. बँक स्थानकावर उतरावे, कॉर्नहिलवरून पूर्वेला चालत जावे, आणि लाइम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, लॉइड्सच्या दारात थोडा वेळ थांबावे. जुन्या जागांवर स्मृतिफलक लावण्याची लंडन शहराची स्वतःची पद्धत आहे. १९३२ पासून त्या शहरात काम करणाऱ्या महाराष्ट्र मंडळाला आणि तिथल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे की, या कोपऱ्यावर रंगो बापूजी गुप्ते यांच्या नावाचा फलक लागावा म्हणून त्यांनी रीतसर अर्ज करावा, आणि पहिला अर्ज फेटाळला गेला तर दुसरा करावा.